नर्सिंग वॉर्डातच शिकावं लागतं, म्हणून रमाबाई रानडेंनी आधी मुलींच्या राहण्याची सोय केली

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सला बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचं सर्टिफिकेट काढायचं असेल, तर तिच्यापुढं दोन रस्ते असतात. ड्युटी संपल्यावर मोबाईलवर व्हिडीओ बघायचे, प्रश्न सोडवायचे, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं. नाहीतर सुट्टी काढून मोठ्या शहरातलं ट्रेनिंग सेंटर गाठायचं आणि माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर छाती दाबून दाखवायची.

घरबसल्या की प्रत्यक्ष? हा प्रश्न मोबाईल आल्यावरचा वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी पुण्यात एका बाईंना तो सोडवावा लागला होता. 'उंच माझा झोका' मालिकेमुळं घराघरात पोहोचलेल्या रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेर कुर्लेकरांचं. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडेंशी झालं. न्यायमूर्ती तेव्हा ३१ वर्षांचे होते, पहिली पत्नी नुकतीच वारली होती. सुधारक म्हणवणाऱ्या माणसानं विधवेशी लग्न करायला हवं होतं, अशी टीका झाली. वडिलांच्या हट्टापुढं त्यांचं चाललं नाही.

लग्न झालं तेव्हा रमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इतिहास, भूगोल, गणित, इंग्रजी. घरातल्या बायकांना हे पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं झालं. पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून १८८४ च्या सुमारास रमाबाईंनी जाहीर सभेत इंग्रजी निवेदन वाचलं, तेव्हा तर घरी फारच बोलणी खावी लागली.

म्हणजे रमाबाईंचं स्वतःचं शिक्षण घरातच झालं. पुढं त्यांनी मुलींना मात्र घराबाहेर काढलं.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. वर्षभर रमाबाई घरातच राहिल्या. नंतर तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटणं, यात्रेतल्या वारकऱ्यांची सेवा अशी कामं सुरू झाली. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं होतं. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर सोबत होते, अध्यक्ष रमाबाई.

शिवण, भाषा, शिक्षिका तयार करणं हे तुलनेनं सोपं होतं. अडलं ते नर्सिंगपाशी. परक्या माणसाला हात लावायचा, जखमा धुवायच्या, कुणाचंही मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं. उच्चवर्णीय हिंदू घरांत हे काम हलकं समजलं जायचं. सुरुवातीला मुली मिळणंच मुश्कील होतं. आणि ज्यांना या शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज होती, त्या तरुण विधवांवरच पहारा सगळ्यात कडक होता.

सेवासदनात व्याख्यानं ठेवून, शरीराचे तक्ते भिंतीला लावूनही काम भागवता आलं असतं. मुली घरीच राहिल्या असत्या, कुणी नाव ठेवलं नसतं. पण तापलेल्या पेशंटची नाडी तक्त्यावर सापडत नाही. मुली ससून हॉस्पिटलमध्येच शिकल्या पाहिजेत, असं ठरलं. आणि त्यासाठी सेवासदननं त्यांच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली. राहायचं कुठं, जेवायचं काय, रात्रीच्या पाळीवरून आल्यावर दार कोण उघडणार, हे मिटल्याशिवाय कुठलाही बाप किंवा सासरा मुलीला पाठवणार नव्हता. वसतिगृहावर रमाबाईंचं नाव होतं, म्हणून घरं तयार झाली. रमाबाईंच्या कामातला हा भाग फारसा सांगितला जात नाही, पण खरी अडचण त्यांनी इथंच ओळखली होती.

आजच्या बीएलएसचंही गणित फार वेगळं नाही. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबायची आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. आकडे व्हिडीओतून पाठ होतात. पण ५ सेंटिमीटर म्हणजे किती जोर, दोन मिनिटांत हात कसे थकतात, हे पुतळ्यावर वाकल्याशिवाय कळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोर्समध्ये थिअरी ऑनलाइन करता येते, पण कार्ड हवं तर प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. ते कार्डही दोन वर्षंच चालतं. फक्त व्हिडीओ बघून मिळालेल्या सर्टिफिकेटला हे कार्ड समजणं पेशंटला महागात पडू शकतं.

मग ऑनलाइन कोर्स करणाऱ्या नर्सला आळशी म्हणायचं का? तिला सुट्टी मिळत नाही, एसटीचं भाडं, फी आणि मुक्कामाचा खर्च पदरचा, घरी लहान मूल. तिला नकोय ते शिक्षण नाही, तिथवर पोहोचण्याची सोय तिच्याकडं नाही. धाराशिवला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पुतळा आणि प्रशिक्षक तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेणं हे सेवासदनच्या वसतिगृहापेक्षा नक्कीच सोपं काम आहे.

रमाबाई १९२४ मध्ये गेल्या, तोवर सेवासदनच्या अध्यक्ष त्याच होत्या. १९६२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. सेवासदनच्या शाखा पुण्याबाहेरही पसरल्या. त्यातली एक सोलापुरात आहे, धाराशिवहून एसटीनं दीड-दोन तासांवर.