गवयाची प्रतिष्ठा : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथील प्रतिष्ठित गृहस्थ मुलीच्या शिक्षणाचा विचार करूं लागले म्हणजे गायनाच्या शिकवणीचाही विचार करितात, व त्यांत कोणास कांहीं गैर वाटत नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं अशा घरांत तंबोऱ्याचें नांव काढणें म्हणजे कुळास बट्टा लावणें होतें. हा पालट काळाच्या ओघांत आपोआप झाला, ही समजूत खरी नव्हे. तो घडवून आणण्यासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य व पदरची पै न पै खर्चीं घातली, त्यांत पं. विष्णु दिगंबर पलुसकर हे अग्रभागीं होत. त्यांचें चरित्र गाण्याच्या शोकिनांनीं वाचावेंच. परंतु जमाखर्च जाणणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं तें अधिक लक्षपूर्वक वाचावें, अशी आमची विनंति आहे.

विष्णुपंतांचा जन्म ता. १८ आगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. लहानपणीं दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेची दारू उडून मुलाच्या डोळ्यांस इजा झाली व दृष्टि अधू झाली. शाळेचा मार्ग खुंटला, तेव्हां गाण्याचा धरावा लागला. मिरजेच्या अधिपतींनीं आश्रय दिला आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं त्यांची तालीम सुरू झाली. ती सुमारें बारा वर्षें चालली. त्या काळीं गुरूच्या घरचें पाणी भरणें हाही विद्येचाच भाग समजला जाई, हें वाचकांस सांगावयास नकोच.

मिरजेंतील एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत नेहमीं सांगितली जाते. गांवांतील एका समारंभाचें आमंत्रण राजाश्रयांतील या तरुणास आलें. प्रत्यक्ष गुरूस मात्र आलें नाहीं. कारण विचारतां उत्तर मिळालें तें इतकेंच कीं, बुवा गवई आहेत. ज्यांच्या गळ्यावर सभा डोलत, त्यांस चार लोकांच्या पंक्तीस बसण्याची योग्यता नव्हती! विष्णुपंतांच्या पुढील सर्व उद्योगाचें मूळ आम्हांस या एका उत्तरांत दिसतें.

१८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली. बडोदें, ग्वाल्हेर वगैरे ठिकाणीं दरबार मिळत होते, परंतु दरबारी नोकरी त्यांनीं पत्करली नाहीं. काठेवाडांत राजकोटास त्यांनीं तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तिकीट काढणारा माणूस मोल देऊन ऐकतो, बक्षिशी फेंकीत नाहीं. आणि गवयासही कोणापुढें मुजरा करावा लागत नाहीं. उत्सवाच्या मांडवास व रोषणाईस सढळ हातानें वर्गणी देऊन गवयाच्या बिदागीच्या वेळीं घासाघीस करणारे गृहस्थ आमच्या शहरांतही आढळतात. त्यांनीं या भेदाचा विचार करावा.

ता. ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें. आपल्या प्रांतापासून इतक्या दूर, परक्या भाषेच्या मुलखांत, कोणा संस्थानिकाच्या भरंवशावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर व विद्यार्थ्यांच्या फीवर ही शाळा चालावयाची होती. ठराविक अभ्यासक्रम, छापील पुस्तकें, स्वरलेखनाची स्वतः बसविलेली पद्धति, परीक्षा, स्त्रियांकरितां वर्ग, असा सारा थाट होता. जी विद्या गुरूच्या मर्जीवर दहा वर्षांनीं मिळे, ती वेळापत्रकाप्रमाणें मिळूं लागली. होतकरू विद्यार्थ्यांस अन्नवस्त्र देऊन उपदेशक म्हणून तयार करण्यांत येई व त्यांजकडून गांवोगांवीं शिकविण्याचें काम घेण्यांत येई.

१९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली आणि येथेंच संकटाचें बीज पडलें. विद्यालयास स्वतःची इमारत हवी म्हणून पंडितजींनीं मोठें कर्ज काढलें. जलशांचें उत्पन्न व्याजांत जाऊं लागलें. तें पुरें पडेना. शेवटीं इमारत लिलावांत गेली. व्यवहार म्हणून पाहतां ही चूकच झाली, आणि ती झांकण्याचें कारण नाहीं. पण मुंबईसारख्या धनाढ्य शहरांत नाटकगृहें उभीं राहत असतां एका विद्यालयाचें कर्ज फिटूं नये, याचा दोष एकट्या पंडितजींच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

त्यांच्या कार्यास दुसरीही बाजू आहे. चिजांतील शृंगारिक शब्द काढून त्यांनीं भक्तीचे शब्द घातले. त्यामुळें घरंदाज कुटुंबांचा संकोच गेला हें खरें. परंतु ज्या मुसलमान उस्तादांनीं व नायकिणींनीं पिढ्यान्‌पिढ्या ही कला जतन केली, त्यांचें ऋण या सोंवळ्या वातावरणांत विसरलें गेलें. गवयाची प्रतिष्ठा वाढली, पण ती सर्व गाणारांस सारखी मिळाली नाहीं. त्यांची स्वरलेखनपद्धतिही किचकट ठरली, व पं. भातखंडे यांची सोपी पद्धति अधिक पसरली.

राष्ट्रसभेच्या व्यासपीठावर ते वंदे मातरम् गात. १९२३ सालीं काकिनाडा येथें अध्यक्ष मौलाना महंमद अल्ली यांनीं हरकत घेतली असतांही त्यांनीं तें पुरें केलें. रघुपति राघव या रामधुनीस त्यांनीं दिलेली चाल १९३० च्या दांडीयात्रेंत घुमली. त्याच वर्षीं ता. १० जुलै रोजीं लोकनायक अणे यांनीं आपल्या जिल्ह्यांत पुसदेस जंगल सत्याग्रह केला, हें येथें स्मरतें.

अखेरच्या काळांत पंडितजी नाशिकच्या रामनाम आश्रमांत रामायण सांगत असत. ता. २१ आगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचा अंत झाला. मुलगा दत्तात्रेय त्या वेळीं दहा वर्षांचा होता. तोही पुढें नामांकित गवई झाला आणि १९५५ सालीं ऐन उमेदींत वारला. पंडितजींच्या मागें इमारत नव्हती, द्रव्य नव्हतें. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर यांसारखे शिष्य मात्र होते. शिष्यवर्गानें त्याच सालीं अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें, व त्याच्या परीक्षांस आजही गांवोगांवचीं मुलें-मुली बसतात.