फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (जन्मनाव: फारोख बुलसारा, जन्म: ५ सप्टेंबर, इ.स. १९४६, स्टोन टाउन, झांझिबार. मृत्यू: २४ नोव्हेंबर, इ.स. १९९१, लंडन, इंग्लंड) हे पारशी वंशाचे ब्रिटिश गायक, पियानोवादक आणि गीतकार-संगीतकार होते. ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचे मुख्य गायक म्हणून ते जगभर प्रसिद्ध झाले. त्यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले. प्रोग्रेसिव्ह रॉकची गुंतागुंतीची रचनापद्धती आणि पॉप संगीताची सहज गुणगुणता येणारी चाल यांचा मेळ त्यांच्या रचनांत आढळतो. त्यामुळे एरवी पॉप संगीतापासून दूर राहणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या अनेक चाहत्यांच्या संग्रहातही क्वीनचे अल्बम असतात.

बालपण व कुटुंब

बुलसारा कुटुंब मूळचे गुजरातमधील. बुलसार (आताचे वलसाड) या गावावरून त्यांचे आडनाव पडले. वडील बोमी बुलसारा हे झांझिबारमध्ये ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत रोखपाल होते. आईचे नाव जेर, तर धाकट्या बहिणीचे नाव काश्मिरा. झांझिबार त्या काळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि तेथील भारतीय वस्तीत पारशी कुटुंबांची संख्या थोडीच होती.

पाचगणीतील शालेय जीवन

वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास फारोख यांना शिक्षणासाठी भारतात पाठवण्यात आले. सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण निवासी शाळांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील सेंट पीटर्स स्कूलमध्ये ते दाखल झाले. आईवडील समुद्रापलीकडे असल्याने वर्षाचा बराचसा काळ शाळेच्या वसतिगृहातच जाई. मुंबईत राहणाऱ्या आजी व मावशी यांचा त्यांना आधार होता. सोबतचे विद्यार्थी त्यांना ‘फ्रेडी’ म्हणू लागले आणि हेच नाव पुढे कायम झाले.

शाळेत त्यांनी पियानोचे रीतसर शिक्षण घेतले. शालेय गायनवृंदात आणि नाटकांत त्यांचा सहभाग असे. बाराव्या वर्षी त्यांनी चार शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. पुढे अभिनेते झालेले डेरिक ब्रांच आणि नेपाळच्या सैन्यात उच्च पदावर पोहोचलेले व्हिक्टरी राणा हे त्यातील दोन वादक होत. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशा तत्कालीन लोकप्रिय गायकांची गाणी हा वाद्यवृंद शाळेच्या कार्यक्रमांत सादर करी. त्या वेळी फ्रेडी मुख्य गायक नसून पियानोवादक होते. अभिजात पाश्चात्त्य संगीताची शिस्त आणि पॉप गाण्यांची ओढ या दोन्ही गोष्टींचा पाया पाचगणीत घातला गेला.

इंग्लंडमध्ये स्थलांतर

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि अरब व भारतीय वंशाचे अनेक लोक मारले गेले. जिवाच्या भीतीने बुलसारा कुटुंब इंग्लंडला निघून गेले व लंडनजवळील फेल्टम येथे स्थायिक झाले. फ्रेडी यांनी आयलवर्थ येथील तंत्रविद्यालयात व नंतर ईलिंग कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९६९ मध्ये त्यांनी ग्राफिक कला या विषयातील पदविका मिळवली. या काळात हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे कामही त्यांनी केले. ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासोबत ते केन्सिंग्टन बाजारात जुन्या कपड्यांचे दुकानही चालवीत.

क्वीनची स्थापना

ईलिंगमधील सहाध्यायी टिम स्टॅफेल हे ‘स्माइल’ या वाद्यवृंदात गात असत. त्यातील गिटारवादक ब्रायन मे आणि टेलर यांच्याशी फ्रेडी यांचा परिचय स्टॅफेल यांच्यामुळे झाला. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडले, तेव्हा फ्रेडी त्यांच्या जागी आले. ‘क्वीन’ हे नाव त्यांनीच सुचवले. स्वतःसाठी ‘मर्क्युरी’ हे आडनावही त्यांनी याच काळात घेतले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डिकन आल्यावर वाद्यवृंद पूर्ण झाला. चौघांच्या राशींची चिन्हे गुंफलेले क्वीनचे बोधचिन्ह मर्क्युरी यांनी स्वतः रेखाटले.

प्रोग्रेसिव्ह रॉक आणि पॉप

१९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये येस, जेनेसिस, किंग क्रिम्झन इत्यादी वाद्यवृंदांनी प्रोग्रेसिव्ह रॉक लोकप्रिय केला होता. दीर्घ रचना, बदलते ताल, अनेक खंडांत विभागलेली गाणी आणि मिथककथांवर आधारलेले विषय ही या प्रकाराची वैशिष्ट्ये होत. क्वीनच्या पहिल्या दोन अल्बमांवर त्याची छाप स्पष्ट आहे. मार्च १९७४ मधील ‘क्वीन टू’ या अल्बमच्या दोन बाजूंना ‘पांढरी’ व ‘काळी’ अशी नावे होती. काळ्या बाजूवरील सर्व गाणी मर्क्युरी यांची असून त्यांतील बरीचशी एकमेकांत मिसळत जातात.

त्याच वर्षी आलेल्या ‘किलर क्वीन’ या गाण्याने मात्र वेगळी दिशा दाखवली. हे गाणे सुमारे तीन मिनिटांचे आहे. ब्रिटनच्या क्रमवारीत ते दुसऱ्या स्थानी पोहोचले. दीर्घ रचनेतील बहुपदरी स्वरमेळ व अनपेक्षित वळणे मर्क्युरी यांनी येथे छोट्या पॉप गाण्याच्या चौकटीत बसवली. १९७८ मधील ‘बायसिकल रेस’ या गाण्यातही ताल वारंवार बदलतो, तरी ते ऐकताना अवघड वाटत नाही.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले गाणे प्रसिद्ध झाले. ५ मिनिटे ५५ सेकंदांच्या या गाण्यात संथ गीत, गिटारवादन, ऑपेरा आणि रॉक असे भाग क्रमाने येतात. नेहमीचे ध्रुवपद त्यात नाही. ऑपेराच्या भागात मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज पुनःपुन्हा एकावर एक ध्वनिमुद्रित करून मोठ्या गायनवृंदाचा आभास निर्माण केला आहे. इतके लांब गाणे रेडिओवर वाजणार नाही, अशी शंका ध्वनिमुद्रण कंपनीला होती. तथापि ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. हे गाणे असलेला ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा क्वीनचा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला पहिला अल्बम होय. त्यातच ‘द प्रॉफेट्स साँग’ ही मे यांची आठ मिनिटांहून अधिक लांबीची रचना आणि ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे मर्क्युरी यांचे साधे प्रेमगीत एकत्र आढळते.

बदलती शैली व टीका

क्वीनच्या १९७० च्या दशकातील अल्बमांवर सिंथेसायझर वापरलेला नाही, असे अभिमानाने छापलेले असे. १९८० च्या ‘द गेम’ या अल्बममध्ये हे वाद्य प्रथमच वापरण्यात आले. त्याच अल्बममधील ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे गाणे मर्क्युरी यांनी मोजक्या स्वरसंघातांवर गिटारवर रचले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९८२ च्या ‘हॉट स्पेस’ या अल्बममध्ये क्वीनने डिस्को व फंक शैली स्वीकारली, तेव्हा जुन्या चाहत्यांपैकी अनेकजण नाराज झाले. व्यावसायिक यशासाठी क्वीनने आपली मूळ शैली सोडली, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. १९८४ मध्ये वर्णद्वेषी राजवटीवरील सांस्कृतिक बहिष्कार डावलून क्वीनने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. त्याबद्दलही वाद्यवृंदावर तीव्र टीका झाली.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानात झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमात क्वीनने सुमारे २१ मिनिटे सादरीकरण केले. प्रचंड जनसमुदायाला सोबत गायला लावण्याचे मर्क्युरी यांचे कौशल्य त्यात दिसून आले आणि वाद्यवृंदाला पुन्हा उभारी मिळाली. १९८८ मध्ये स्पॅनिश ऑपेरा गायिका माँसेरात काबाये यांच्यासह त्यांनी ‘बार्सेलोना’ हा अल्बम केला. मर्क्युरी यांचा क्वीनसोबतचा शेवटचा जाहीर कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झाला.

आजारपण व अखेरचे ध्वनिमुद्रण

१९८७ मध्ये मर्क्युरी यांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे निदान झाले. ही गोष्ट त्यांनी निकटवर्तीयांपुरतीच ठेवली. प्रकृती खालावत असताना त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवले नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएंडो’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. साडेसहा मिनिटांच्या शीर्षकगीतात क्वीन पुन्हा आरंभीच्या दीर्घ, बहुखंडी रचनेकडे वळल्याचे दिसते. येस या प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनी त्यात स्पॅनिश धाटणीचे गिटारवादन केले आहे.

यानंतरही मर्क्युरी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे जमेल तसे गात राहिले. मे १९९१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे त्यांना गाता आले नाही. ते पुढे ब्रायन मे यांनी गाऊन पूर्ण केले. हे गाणे १९९५ च्या ‘मेड इन हेवन’ या अल्बममध्ये समाविष्ट आहे.

मृत्यू व स्मृती

आपल्याला एड्स झाल्याचे मर्क्युरी यांनी २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी लंडनमधील गार्डन लॉज या निवासस्थानी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. त्यांचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंच्या हस्ते झाला व त्यांच्यावर दहनसंस्कार करण्यात आले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ त्यानंतर पुन्हा प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा पहिल्या क्रमांकावर पोहोचले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली येथे त्यांच्या स्मरणार्थ भव्य कार्यक्रम झाला. एड्सविरोधी कार्यासाठी ‘मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट’ ही संस्था स्थापन करण्यात आली. १९९६ मध्ये माँत्रो येथे जिनिव्हा सरोवराच्या काठी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २०१८ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील भूमिकेसाठी रामी मालेक यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला.

क्वीनचा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह ब्रिटनमध्ये सर्वाधिक खप झालेला अल्बम आहे. चिकित्सक श्रोत्यांमध्ये मात्र ‘क्वीन टू’, ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ आणि ‘इन्युएंडो’ या अल्बमांना विशेष स्थान आहे.