पाऱ्याच्या वाटीतला भोवरा

लोहाराचे घर म्हणजे तापलेले लोखंड, घणाचे घाव आणि पैशांची कायमची ओढाताण. अशाच एका घरात, लंडनलगत, २२ सप्टेंबर १७९१ रोजी मायकेल फॅरडे जन्मला. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला राहिला आणि पुस्तके बांधता बांधता वाचू लागला. १८१२ मध्ये त्याने सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली आणि सुबक बांधून त्यांनाच पाठवली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो मदतनीस झाला.

सप्टेंबर १८२१. फॅरडेने वाटीत पारा घेतला, मधोमध चुंबक उभा केला, वरून टांगलेल्या तारेचे टोक पाऱ्यात बुडवले. वीज सोडताच तार चुंबकाभोवती फिरू लागली. विजेच्या मोटारीचे हे पहिले पाऊल! पण आनंद टिकला नाही. ही कल्पना वुलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची, फॅरडेने ती उचलली, अशी कुजबुज सुरू झाली. फॅरडेने वुलस्टन यांना पत्र लिहून आपली बाजू मांडली.

१८२३ मध्ये डेव्हींनी थेट पाऱ्यातूनच वीज सोडून चुंबक जवळ नेला, तर खुद्द पाराच भोवऱ्यासारखा फिरला. पण तेव्हा त्यांनी मूळ कल्पनेचे श्रेय वुलस्टन यांना दिले आणि शिष्याच्या जखमेवर मीठ चोळले गेले. १८२४ मध्ये फॅरडे रॉयल सोसायटीत निवडला गेला, तोही अध्यक्ष डेव्हींचा विरोध असताना. त्याने गुरूविषयी कटुता बाळगली नाही. १८३१ मध्ये बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण करून त्याने साऱ्या कुजबुजीला उत्तर दिले.

आज पोलादाच्या कारखान्यांत सुमारे १५०० अंशांचा रस, त्याला हातही न लावता, बाहेरच्या विजेच्या वेटोळ्यांनी ढवळला जातो. त्यात या दोन्ही शोधांचा वाटा आहे. याच्याही पुढची गंमत कचऱ्याची! रसातून वीज वाहू लागली की चुंबक धातूला एका बाजूला रेटतो. क्षारमातीसारख्या कणांतून वीज वाहत नाही, त्यांना रेटा बसत नाही. मग पाण्यात बूच वर यावे तसे ते उलट दिशेला सरकतात आणि वेगळे काढता येतात. १९५४ मध्ये लीनॉव आणि कोलिन यांनी या हालचालीचे गणित मांडले.

फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी गेला. सरदारकी त्याने नाकारली होती, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही. लोहाराच्या पोराने श्रेयासाठी हात पसरला नाही. पण बापाच्या धंद्यातला धातू आज त्याच्याच नियमांनी ढवळला जातो.