बाहुली कुणासारखी?

रेवदंड्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातल्या बालवाडीत आम्ही मंडळाच्या बायका मुलांना रंगीत खडू वाटायला गेलो होतो. सगळ्यांना सांगितलं, स्वतःचं चित्र काढा. पाच वर्षांची एक चिमुरडी अगदी मन लावून बसली होती. दोन वेण्या, निळा फ्रॉक, बाजूला बाबांची होडी, सगळं झकास जमलं. चेहरा रंगवायची वेळ आली तशी तिने आपल्या डबीत शोधाशोध केली आणि शेजारणीकडे स्किन कलर मागितला. स्किन कलर म्हणजे तो फिकट गुलाबीसर खडू, आपल्या सगळ्यांच्या घरी असतो तो. तो खडू धरलेला तिचा हात मात्र उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वाढलेला, छान तुकतुकीत सावळा.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटलं नाही. घरी येऊन भाकऱ्या थापताना ते चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आलं आणि बी.ए.ला मानसशास्त्र शिकताना वाचलेलं एक नाव आठवलं. मॅमी क्लार्क. याच प्रकारचे खडू तिने ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लहान लहान मुलांच्या हातात दिले होते, आणि त्यांनी काय रंगवलं याचं गणित मांडलं होतं.

मॅमीचा जन्म १८ एप्रिल १९१७चा, आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावातला. हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध, आपल्या सवसारखं समजा. वडील हॅरॉल्ड फिप्स डॉक्टर होते, आई केट त्यांच्या कामात मदत करायची. घर सुखवस्तू आणि मायेचं. पण कुटुंब कृष्णवर्णीय, आणि त्या राज्यात काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारल्याची घटना ती सहा वर्षांची असताना गावात घडली, ती तिला जन्मभर आठवत राहिली.

आपल्या रायगडकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा मॅमीला दहावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच पुढे मॅमीही शिकायला गेली.

पण त्याआधीची गोष्ट सांगते. मॅमी हुशार, सोळाव्या वर्षी शाळा संपली. १९३४मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गणित शिकायला गेली. तिथले गणिताचे प्राध्यापक मुलींशी फटकून वागायचे. केनेथ क्लार्क नावाचा मानसशास्त्राचा विद्यार्थी तिला भेटला, त्याने तिला आपल्या विषयाकडे वळवलं आणि दोघांचं जमलंही. शिक्षण पुरं झाल्याशिवाय लग्न नाही असं आईचं म्हणणं, म्हणून १९३७मध्ये दोघांनी गुपचूप लग्न उरकलं आणि बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. पदवीनंतरच्या उन्हाळ्यात तिने एका वकिलांच्या कचेरीत साधी कारकुनी केली. वेगळ्या शाळांविरुद्ध लढणाऱ्या वकिलांची तिथे ये-जा होती. समोरच्या कागदांत तिला दिसलं की हा भेदभाव कोर्टात आव्हान देण्यासारखा आहे. तोवर ही गोष्ट तिने नशिबाचा भाग म्हणूनच धरली होती.

मग तिने एम.ए.साठी विषय घेतला, काळ्या मुलांना आपण काळे आहोत याची जाणीव कितव्या वर्षी आणि कशी होते. वॉशिंग्टनच्या बालवाड्यांमधली तीन ते पाच वर्षांची दीडशे मुलं तिने तपासली.

आता अडचण बघा. चार वर्षांच्या पोराला तू स्वतःला काय समजतोस असं कसं विचारणार? मोठ्या माणसालासुद्धा विचारलं तर तो समोरच्याला बरं वाटेल तेच सांगतो. मनातली स्वतःची प्रतिमा, जिला मानसशास्त्रात स्व-संकल्पना म्हणतात, ती सरळ विचारून हाती लागत नाही. ती आडवाटेने काढावी लागते. मॅमीने आधी चित्रं वापरली, मग केनेथबरोबर बाहुल्या आणि खडू.

चार बाहुल्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. बाकी सगळ्या हुबेहूब एकसारख्या, अंगावर फक्त पांढरे लंगोट. मुलाला एकेक बाहुली द्यायला सांगायचं. खेळायला कोणती आवडेल ती दे, छान कोणती ती दे, वाईट दिसते ती दे, छान रंगाची दे. मग गोऱ्या मुलासारखी कोणती, काळ्या मुलासारखी कोणती. आणि सगळ्यात शेवटी, तुझ्यासारखी कोणती. हा क्रम उगाच ठेवलेला नव्हता. आधी तुझ्यासारखी कोणती असं विचारलं, की मूल त्या उत्तराला धरून पुढे आपलीच बाहुली चांगली म्हणतं. मग खरी आवड कळत नाही. हे त्यांना सुरुवातीच्या चाचणीतच लक्षात आलं होतं. मला या साध्या शहाणपणाचं फार कौतुक वाटतं.

तीन ते सात वर्षांची २५३ काळी मुलं तपासली. त्यातली १३४ आर्कान्सामधल्या वेगळ्या शाळांतली, ११९ उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली, जिथे काळी-गोरी मुलं एकत्र शिकत. दर शंभरात ६७ मुलांनी खेळायला गोरी बाहुली उचलली. ५९ जणांनी वाईट दिसणारी म्हणून तपकिरी बाहुली पुढे केली. काळं-गोरं कळत नव्हतं असं म्हणावं, तर नव्वदहून जास्त मुलांनी दोन्ही बरोबर ओळखल्या होत्या. शेवटच्या प्रश्नाला दर शंभरात ३३ मुलांनी स्वतःसारखी म्हणून गोरी बाहुली दाखवली. काही मुलं त्या प्रश्नाला रडली, काही तर खोलीतून पळून गेली. नुकतंच ज्या बाहुलीला वाईट म्हटलं, तीच आपण आहोत हे त्यांना सांगायचं होतं.

खडूंचंही तसंच. आधी पान, सफरचंद, संत्रं, उंदीर रंगवून घ्यायचं, म्हणजे मुलाला रंगांची समज आहे की नाही ते कळतं. मग आपल्यासारखं मूल रंगवायचं. पान बिनचूक हिरवं करणारी काही मुलं स्वतःला खऱ्यापेक्षा बरंच उजळ रंगवायची, तर काही भलताच रंग उचलायची. आमची कोळीवाड्यातली चिमुरडी मला आठवली ती इथेच.

यात एक गोष्ट दडवण्यासारखी नाही. एकत्र शाळेत शिकणाऱ्या उत्तरेतल्या मुलांनी गोरी बाहुली जास्त उचलली, शंभरात ७२. दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांनी ६२. पुढे टीकाकारांनी यावर बोट ठेवलं, की मग दोष वेगळ्या शाळेचाच कसा? प्रश्न रास्त आहे. मला विचाराल तर मूल शाळेत जायच्या आधीच बरंच शिकलेलं असतं. दुकानातल्या बाहुल्या, पुस्तकातली चित्रं, घरात पाहुण्यांसमोर होणारं बोलणं. आपल्याकडे पोर जन्मल्याबरोबर रंग विचारतात आणि स्थळ बघताना गोरी असं छापतात, ते ती ऐकतच असते की.

कोलंबियात मॅमीने डॉक्टरेटसाठी मार्गदर्शक निवडले हेन्री गॅरेट, वर्णभेदाचे उघड समर्थक. तिने मुद्दाम निवडले असं सांगतात. दोन बाळंतपणं, केट आणि हिल्टन, याच काळातली. १९४३मध्ये डॉक्टरेट पुरी झाली. त्या विभागात ही पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय बाई. आणि तरी नोकरी मिळेना. केनेथ कॉलेजात शिकवायला लागला, ही मात्र परिचारिकांविषयीची आकडेमोड कर, कुठे तात्पुरती जागा धर, असं करत राहिली. मुलींच्या एका निराधार आश्रमात काम करताना तिला जाणवलं की या मुलांना मदत करायला शहरात कुणीच नाही.

१९४६मध्ये वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन तिने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका इमारतीच्या तळघरात नॉर्थसाइड केंद्र सुरू केलं. शाळेने मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात टाकलेली मुलं आया तिथे घेऊन येत. मॅमीने त्यांची बुद्धिमापन चाचणी घेतली, तर बहुतेकांना त्या वर्गात ठेवणं नियमातच बसत नव्हतं. मग ती शाळांशी भांडली. मला विचाराल तर तिचं खरं मोठेपण इथे आहे. बाहुल्यांच्या चाचणीने दुखणं दाखवलं, पण तळघरात बसून एकेका पोराचा पाठपुरावा करणं हे तेहतीस वर्षांचं काम होतं. समाजकार्य करणाऱ्या बाईला कळेल, त्यात टाळ्या नसतात.

दरम्यान प्रकरण कोर्टात गेलं. १९५१मध्ये दक्षिण कॅरोलिनात केनेथने सोळा मुलांना बाहुल्या दाखवल्या, त्यातल्या अकरा जणांनी तपकिरी बाहुलीला वाईट म्हटलं. १९५२मध्ये व्हर्जिनियातल्या खटल्यात सरकारच्या बाजूने साक्षीला आले कोण, तर तेच हेन्री गॅरेट. आणि त्यांची विद्यार्थिनी मॅमी विरुद्ध बाजूने साक्षीला उभी राहिली. १७ मे १९५४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य. निकालपत्राच्या तळटीपेत आधारासाठी मानसशास्त्रज्ञांची नावं दिली आहेत. त्यात पहिलं नाव के. बी. क्लार्क. म्हणजे केनेथ. मॅमीचं नाव नाही. संशोधनाचं मूळ काम तिचं होतं आणि आपण मागून त्यात आलो, हे केनेथने पुढे स्वतःच कबूल केलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मनातलं न विचारता मोजायची ही वाट पुढे बरीच रुंदावली. १९९८मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी संगणकावरची चाचणी काढली. चांगले-वाईट शब्द आणि वेगवेगळे चेहरे यांच्या जोड्या लावताना बटण दाबायला किती क्षण लागतात ते ती मोजते. पण एकाच माणसाचा निकाल आज एक, महिन्याने दुसरा येऊ शकतो, म्हणून तिच्यावरून कुणा एकट्यावर शिक्का मारू नये असं जाणकार सांगतात.

मॅमी १९७९मध्ये केंद्राच्या कामातून निवृत्त झाली आणि ११ ऑगस्ट १९८३ला कर्करोगाने गेली. कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी, जिथल्या खटल्याच्या नावाने तो निकाल ओळखला जातो, तिथल्या राष्ट्रीय स्मारकात तिच्या बाहुल्यांपैकी एक मांडून ठेवली आहे. नॉर्थसाइड अजून चालू आहे.

बालवाडीत मी परवा पुन्हा गेले होते. या वेळी डब्यांमध्ये चार-पाच तऱ्हांचे तपकिरी खडू सुटे घेऊन टाकले. चिमुरडीने त्यातला एक उचलला आणि होडी रंगवली.