पालवणकर बाळू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबात एक मुलगा महिना ३ रुपये पगारावर काम करीत असे. मैदान झाडणे आणि रोलर फिरवणे ही त्याची कामे. सभासदांना सराव हवा असला की तो त्यांना चेंडूही टाकी. या मुलाचे नाव बाळू बाबाजी पालवणकर.

बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, जातीने चर्मकार. त्या काळी या जातीला अस्पृश्य मानीत. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे मुले पुण्यात वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्याचे भाऊ क्रिकेट शिकले.

१८९२ च्या सुमारास बाळूला इंग्रजांच्या पूना क्लबात नोकरी मिळाली. पगार एका रुपयाने वाढला. येथे तो इंग्रज खेळाडूंना तासन्तास गोलंदाजी करी. तो डावखुरा मंदगती गोलंदाज होता. चेंडू कधी कुठे वळेल, याचा फलंदाजाला पत्ता लागत नसे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्यास बाळूला आठ आणे देई, असे सांगतात. इतकी वर्षे चेंडू टाकूनही त्याच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान!

बाळूची कीर्ती पुण्याच्या हिंदू संघापर्यंत गेली. त्या संघाला इंग्रजांना हरवायचे होते. परंतु अस्पृश्याला सोबत घ्यावे की नाही, यावर वाद झाला. शेवटी बाळूला संघात घेतले. मैदानावर सारे त्याच चेंडूला हात लावीत. मात्र चहाची वेळ झाली की बाळूला बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे. जेवणाचे ताट आणि टेबलही वेगळे. साताऱ्याच्या सामन्यात इंग्रजांनी खेळपट्टी अनेक दिवस रोलर फिरवून टणक केली होती, तरी बाळूने सात गडी बाद केले. त्यानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूचा सत्कार केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असे त्यांनी इतर खेळाडूंना विचारले.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईत आले. ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्या काळी मुंबईत धर्मावरून संघ पडत. हे आज आपल्याला विचित्र वाटेल. आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू, आणि १९१२ पासून मुसलमान, असे संघ एकमेकांशी खेळत. हे सामने पाहायला मैदानावर प्रचंड गर्दी लोटे. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. बाळूंचा खांदा दुखत होता आणि वयही पस्तिशीचे होते. तरीही त्यांनी ११४ बळी घेतले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. त्यामुळे कसोटी खेळण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिन्ही भाऊही हिंदू संघाकडून खेळले. परंतु सर्वांत अनुभवी असूनही बाळूंना कर्णधारपद कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातून वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. अखेर तिघेही परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. पुढे १९२३ साली विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली संघाने विजेतेपद मिळवले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

तरुण डॉ. आंबेडकरांना बाळूंविषयी मोठा आदर होता. पुढे दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रुझ येथे त्यांच्या अंत्यविधीला क्रिकेटपटू, आमदार आणि खासदार आले होते.