डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन व हत्तीरोगाचा शोध

हत्तीपाय झालेला मनुष्य ज्याने कधी पाहिला नाही, असा वाचक आमच्या मंडळ्यांत विरळाच असेल. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या बाजूंस आणि खाली सिंधुदुर्गाकडेही हा रोग फार दिवसांपासून लोकांच्या परिचयाचा आहे. असा मनुष्य लग्नकार्यात मागच्या ओळीत बसतो, पाय धोतराखाली झाकून घेतो, आणि घरात मुलगी उपवर असली तर ती गोष्ट पाहुण्यांपासून लपवली जाते. कोणी म्हणतात, चव्हाट्यावरचा उतारा ओलांडला. कोणी म्हणतात, करणी झाली. आणि कोणी तर त्या बिचाऱ्याच्या पापाकडेच बोट दाखवतात. ज्या गृहस्थाने ह्या रोगाचे खरे कारण शोधण्यात आपल्या आयुष्याचा उत्तम काळ वेचला, त्याचे चरित्र आमच्या वाचकांस सांगावे असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

पॅट्रिक मॅन्सन यांचा जन्म स्कॉटलंड देशातील ॲबर्डीन परगण्यात ओल्डमेल्ड्रम या लहानशा गावी 3 ऑक्टोबर 1844 रोजी झाला. नऊ भावंडांत ते दुसरे. यंत्रांची आवड असल्यामुळे कोवळ्या वयातच त्यांस ॲबर्डीन येथील एका लोखंडी कारखान्यात उमेदवारीस ठेवले. परंतु ते काम शरीरास झेपेना. पाठीचा कणा वाकला, उजव्या हातातील शक्ती कमी झाली, आणि कित्येक महिने त्यांस अंथरुणावर पडून राहावे लागले. ह्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी सृष्टिशास्त्राचे वाचन केले आणि वैद्यकीकडे त्यांचे मन वळले. ॲबर्डीनच्या विद्यापीठात त्यांनी अभ्यास इतक्या त्वरेने पुरा केला की, पदवी मिळण्याचे वय होईपर्यंत त्यांस थांबावे लागले. 1865 साली त्यांस ती मिळाली. जे दुखणे घरच्यांस मोठे अरिष्ट वाटले, त्याच्याच वाटेने पुढे हजारो रोग्यांचा लाभ झाला.

1866 साली ते चीन सरकारच्या जकात खात्याचे वैद्य म्हणून फॉर्मोसा बेटावर गेले. आज त्या बेटास तैवान म्हणतात. तेथे पाच वर्षे काढून 1871 साली ते चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय या बंदरी आले. बंदरात येणाऱ्या गलबतांवरील खलाशांची प्रकृती पाहणे हे त्यांचे नोकरीचे काम; पण मिशनच्या दवाखान्यातही ते गोरगरीब चिनी रोग्यांवर उपचार करीत. परदेशी वैद्याच्या शस्त्राचे लोकांस भय वाटे. त्या प्रांतात हत्तीरोग अतोनात. कित्येक पुरुषांस अंडवृद्धीचे इतके मोठे आवाळू असे की चालणे, काम करणे, किंबहुना चारचौघांत तोंड दाखवणेही अशक्य होई. मॅन्सन यांनी अशी आवाळवे कापून काढण्यास आरंभ केला. पुष्कळ रोगी बरे होऊन आपल्या पायांनी घरी गेले, तेव्हा लोकांचे भय मोडले आणि दवाखान्याच्या दारी गर्दी होऊ लागली.

परंतु मॅन्सन यांचे समाधान झाले नाही. एक आवाळू कापावे तो दारात दुसरे उभे. मूळ कायम असता फांद्या छाटून काय उपयोग? हा रोग होतो कशाने, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना.

येथे रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आमच्या शरीरात रक्ताच्या नाड्यांखेरीज आणखी एक नळ्यांचे जाळे आहे. रक्तातून मांसात पाझरलेले पाणी, ज्यास लसीका म्हणतात, ते गोळा करून ह्या नळ्या पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. जांघेत व काखेत ज्या गाठी लागतात त्या ह्याच मार्गावरील चौक्या होत. शेतकरी शेतात चर काढतो तो जादा पाणी वाहून जावे म्हणून. चर बुजला म्हणजे चांगल्या वावराची दलदल होते. तसेच लसीकेच्या नळ्या बिघडल्या म्हणजे पाण्याचा निचरा होत नाही, आणि पाय दिवसेंदिवस सुजतो. पुढे त्वचेच्या भेगांतून वारंवार विषार शिरतो, ताप भरतो, आणि कातडी जाड व खरखरीत होऊन हत्तीच्या पायासारखी दिसते.

मग हे चर कोण बुजवतो? 1875 च्या सुमारास मॅन्सन रजेवर विलायतेस गेले व तेथील पुस्तकालयांत शोध करू लागले. त्यांस आढळले की, 1863 साली पॅरिस येथे दमार्के यांनी व 1866 साली ब्राझील देशात वुखेरर यांनी रोग्यांच्या शरीरातील द्रवांत अतिसूक्ष्म कृमी पाहिले होते. आणि 1872 साली आमच्याच देशात कलकत्ता येथे डॉक्टर टिमोथी लुईस यांस तसेच कृमी मनुष्याच्या रक्तात दिसले होते. हे कृमी म्हणजे पिले होत. त्यांची आई, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक व बोटाएवढा लांब असा पूर्ण वाढलेला कृमी, 1876 साली ऑस्ट्रेलियात डॉक्टर जोसेफ बँक्रॉफ्ट यांस प्रथम सापडली. ती लसीकेच्या नळ्यांत वर्षानुवर्षे राहते आणि लक्षावधी पिले रक्तात सोडते.

त्याच रजेत 1875 च्या डिसेंबरात मॅन्सन यांचा विवाह झाला, आणि सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन ते पत्नीसह अमॉयला परत आले. आता त्यांनी असा विचार केला: ही सारी पिले जर मनुष्याच्या रक्तातच वाढून मोठी होतील, तर मनुष्य जगणारच नाही. म्हणून वाढण्यासाठी त्यांनी शरीराबाहेर गेले पाहिजे. पण त्यांस बाहेर पडण्याची शक्ती नाही; तेव्हा रक्त पिणाऱ्या एखाद्या प्राण्याने त्यांस बाहेर नेले पाहिजे. उवा, ढेकूण व पिसवा तर सर्व देशांत आहेत, आणि हा रोग काही उष्ण प्रदेशांतच आहे. ह्या विचाराने त्यांचे लक्ष डासावर गेले.

त्यांचा हिन लो नावाचा एक चिनी माळी होता. त्याच्या रक्तात हे कृमी पुष्कळ होते. 1877 साली मॅन्सन यांनी एक लाकडी खोपटे करवून त्यात हिन लो यास रात्री निजवले. जवळ दिवा ठेवून दार अर्धा तास उघडे ठेवीत, म्हणजे डास आत येत. मग दिवा मालवून दार लावीत. सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास भिंतींवर बसलेले असत. त्यांस पेल्याखाली धरून, तंबाखूच्या धुराने गुंगवून, कुप्यांत भरीत. मॅन्सन रोज काही डास घेऊन सुईने त्यांचे पोट फोडीत आणि यंत्रातून पाहत. त्यांस दिसले ते असे: डासाच्या पोटात गेलेले पिलू मरत नाही, ते आपली कात टाकते, पोटाची भिंत भेदून छातीच्या स्नायूंत जाते, आणि तेथे वाढू लागते. रोग पसरवणारा प्राणी आपल्या अंगात रोगाचे बीज वाढवतो, ही गोष्ट डासाच्या बाबतीत त्या दिवशी प्रथम उघड झाली.

हिन लो याचे नाव आम्ही मुद्दाम येथे लिहिले आहे. मालकाच्या सांगण्यास नोकराने नाही म्हणणे कितपत शक्य होते, हा प्रश्न आज वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही. ते कसेही असो. मोठ्या शोधाच्या इमारतीत एका माळ्याच्या रक्ताचाही चिरा आहे, हे विसरू नये.

आणखी एक नवल त्यांस दिसले. त्यांच्या सहायकांपैकी एकास रोग्यांच्या रक्तात कृमी वारंवार सापडत व दुसऱ्यास क्वचितच सापडत. पाहता असे कळले की पहिला रात्री काम करी व दुसरा दिवसा. मग मॅन्सन यांनी दिवसरात्र ठराविक तासांनी रक्त तपासून सिद्ध केले की, सूर्यास्तानंतर हे कृमी अंगावरील रक्तात येतात, मध्यरात्रीच्या सुमारास फार वाढतात, आणि सकाळी नाहीसे होतात. दिवसा ते फुप्फुसांतील नाड्यांत दडून राहतात, हे त्यांस वीस वर्षांनी कळले. हा रोग पसरवणारा डासही रात्रीच चावतो. आमच्या गावी आरोग्य खात्याचे लोक रात्री नऊदहा वाजता दार ठोठावून बोटाचे रक्त मागतात, तेव्हा कित्येक कुरकुरतात. त्याचे कारण अमॉयच्या त्या दवाखान्यात सापडलेले आहे.

1878 साली हा शोध लंडनच्या विद्वानांपुढे वाचला गेला. कोणी आश्चर्य केले, कोणी शंका घेतली, कोणी थट्टाही केली. मॅन्सन यांची एक मोठी चूकही झाली. डास एकदाच रक्त पितो, अंडी घालून पाण्यात मरतो, आणि ते पाणी प्यायल्याने मनुष्यास रोग होतो, असे त्यांस वाटले. ती चूक बाविसाव्या वर्षी सुधारली. जोसेफ बँक्रॉफ्ट यांच्या मुलाने ऑस्ट्रेलियात डास पुष्कळ दिवस जिवंत ठेवून ते लंडनला पाठवले, आणि 1900 साली मॅन्सन यांच्याच हाताखालील डॉक्टर लो यांस डासाच्या सोंडेत कृमी दिसले. डास चावतो तेव्हाच रोग देतो, हे ठरले. आपल्या हाताखालच्या माणसाने आपली चूक दाखवली म्हणून मॅन्सन रुसले नाहीत. नवे सत्य त्यांनी मान्य केले. ही गोष्ट आम्हां शिकवणाऱ्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

1883 साली ते हाँगकाँगला गेले. तेथे लंडन मिशनच्या ॲलिस स्मारक इस्पितळाच्या आश्रयाने चिनी तरुणांसाठी 1887 साली वैद्यक विद्यालय निघाले, आणि मॅन्सन त्याचे पहिले प्रमुख झाले. तेथून 1892 साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांत सुन यत सेन हे होते. 1896 साली लंडन येथे चिनी वकिलातीने सुन यांस पकडून कोंडून ठेवले, तेव्हा डॉक्टर कँटली व मॅन्सन यांनी सरकारदरबारी धावाधाव करून त्यांस सोडवले. तेच सुन 1912 साली चीनच्या प्रजासत्ताकाचे पहिले हंगामी अध्यक्ष झाले.

मॅन्सन स्वदेशी परतले ते विसाव्याच्या इच्छेने. पण चिनी नाण्याचा भाव उतरल्यामुळे साठवलेली पुंजी आटली, आणि लंडनला येऊन पुन्हा कामास लागावे लागले. 1894 साली हिंदुस्थानातून रजेवर आलेले डॉक्टर रोनाल्ड रॉस त्यांस भेटले. मॅन्सन यांनी त्यांस हिवतापाचे जंतू यंत्रातून दाखवले आणि हाही रोग डासाकडूनच पसरत असावा असा आपला तर्क सांगितला. रॉस परत आले. अनेकदा ते निराश झाले, आणि प्रत्येक वेळी मॅन्सन यांच्या पत्राने त्यांस धीर दिला. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे रॉस यांस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. 1902 साली नोबेल पारितोषिक रॉस यांस मिळाले.

तरीही लोकांची खात्री पटेना. तेव्हा 1900 साली रोमहून हिवतापाचे डास लंडनला आणवले, आणि मॅन्सन यांच्या थोरल्या मुलाने, जो त्या वेळी वैद्यकीचा विद्यार्थी होता, ते स्वखुशीने आपल्या हातावर चावू दिले. त्यास थंडीताप भरला व कोयनेलाने तो बरा झाला. पूर्वी परक्याचे रक्त घेतले होते. आता स्वतःच्या मुलाचे दिले. तोच मुलगा दोन वर्षांनी दूरच्या एका बेटावर बंदुकीच्या अपघातात मरण पावला. बापाच्या अंतःकरणास तो घाव किती खोल लागला असेल, हे लेकरे गमावलेल्या आईबापांस सांगावे लागत नाही.

उष्ण देशांच्या रोगांविषयी त्यांनी 1898 साली लिहिलेला ग्रंथ डॉक्टरांच्या पिढ्यांनी वाचला, आणि 1899 साली त्यांच्या खटपटीने लंडन येथे त्या रोगांचे विद्यालय उघडले. 1903 साली सरकारने त्यांस सर ही पदवी दिली. उतारवयात संधिवाताने त्यांस फार पीडा दिली. 9 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे काम थांबले नाही. 1947 साली ह्या कृमींवर औषध असल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या चीन देशात हा शोध लागला, तेथून हत्तीरोग नाहीसा झाल्याचे 2007 साली मान्य करण्यात आले. आमच्या देशात मात्र लढाई चालू आहे. रोग असलेल्या जिल्ह्यांत सरकारतर्फे गोळ्या वाटल्या जातात. गर्भिणी, दोन वर्षांखालील मुले व फार आजारी माणसे सोडून सर्वांनी त्या गिळाव्यात. कारण कृमी रक्तात असूनही मनुष्य बाहेरून धडधाकट दिसतो, आणि त्याच्याच रक्तातून डास शेजाऱ्याच्या मुलास रोग देतो. गोळ्या हातात घेऊन वळचणीस खोचून ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. तसे करू नये. घराभोवती सांडपाणी तुंबू देऊ नये, कारण हा डास घाण पाण्यात वाढतो. आणि रात्री मच्छरदाणीत निजावे.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांस गोळीने पूर्वीचा पाय परत मिळत नाही, हे खरे. पण रोज साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, भेगांस मलम लावावे, बसता-निजता पाय उंच ठेवावा. म्हणजे तापाचे हल्ले कमी होतात व सूज वाढत नाही. अंडवृद्धी तर शस्त्रक्रियेने बरी होते.

स्पर्शाने हा रोग लागत नाही. तो पापाची खूण नव्हे, करणीही नव्हे. तो एका कृमीचा व एका डासाचा उपद्रव आहे. मागच्या ओळीत पाय झाकून बसणाऱ्या बंधुभगिनीस पुढे बोलावून जवळ बसवावे, आणि ज्यास वाकून पाय धुणे जमत नाही त्याचे पाय आपल्या हातांनी धुवून द्यावेत. तसे करण्यास डॉक्टरची पदवी लागत नाही.