दादोबा पांडुरंग : मराठीचे पाणिनी आणि आम्ही

तर्खडकर हे नाव घेतले की आपल्यापैकी बहुतेकांना भाषांतर पाठमाला आठवते. शाळेत इंग्रजीच्या धास्तीने ती ज्यांनी हाताळली त्यांना तर हमखास आठवते. पण ती पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. मला लिहावयाचे आहे ते त्यांच्या आधीच्या पिढीतील दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याविषयी. ज्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात ते हे दादोबा. नाव परिचयाचे आणि माणूस अपरिचित, अशी जी काही मंडळी आपल्या अभ्यासक्रमात आहेत त्यांत त्यांचा क्रमांक वरचा लागेल. परीक्षेत एका गुणाला त्यांच्या व्याकरणाचे साल विचारले जाते, आपण ते लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

व्याकरणाच्या तासाला आमच्या वर्गात एक वाद नेहमी निघतो. मोबाइलवर निरोप पाठवताना ‘पाणी’ लिहिले काय आणि ‘पानी’ लिहिले काय, समोरच्याला कळले म्हणजे झाले, असे अर्ध्या वर्गाचे म्हणणे असते. उरलेल्यांना ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. या वादाचे मूळ शोधू लागलो तेव्हा मी दादोबांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. घराणे वैश्य, मूळ गाव वसईजवळचे तर्खड. त्यावरून आडनाव पडले. पेशवाई बुडण्यास अजून चार वर्षे होती. सुरुवातीचे धडे पंतोजींकडे आणि नंतरचे शिक्षण बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, असा त्या काळच्या मुंबईतील हुशार मुलाचा जो मार्ग असे तोच त्यांचा होता. भावंडेही अशीच कर्तबगार निघाली. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात इंग्रजी राज्यकारभारावर जळजळीत पत्रे लिहिली. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एकाच घरात व्याकरण, राजकारण आणि धर्मसुधारणा नांदत होती असे म्हणावयास हरकत नाही.

दादोबांनी काय केले हे समजण्यासाठी त्यांच्या आधी माणसे कशी लिहीत होती हे पाहिले पाहिजे. रोजचे लेखन मोडीत होते. वाण्याची वही, कुळकर्ण्याचे दप्तर, सावकाराचा रोखा, घरची पत्रे, सारे मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. इकार एकच, उकार एकच. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही चाल नव्हती. ओळ आखायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे. विरामचिन्हे नव्हतीच. ती मराठीत रुळली ती मेजर कँडी यांच्या खटपटीने, आणि त्यांचे त्यावरील पुस्तक १८५० चे आहे. अशा लिपीत काही शतके राज्ये चालली, तह झाले, जमिनी लिहून दिल्या-घेतल्या गेल्या. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घावाचून व्यवहार अडतो असे कोणी म्हणू लागला तर मोडीचे रुमाल त्याला खोटे पाडतील. माझ्या मित्रांचा मुद्दा इतका तरी खरा आहे, आणि त्यांना तो ठाऊक नव्हता!

पण छापखाना आला आणि परिस्थिती बदलली. पुस्तके बाळबोध लिपीत छापली जाऊ लागली. मोडीतले पत्र एका ठराविक माणसासाठी असते; लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांच्या ओळखीचे, निदान एकाच व्यवहारातले असतात. छापील पुस्तक रत्नागिरीस वाचतात आणि बऱ्हाणपुरासही वाचतात. त्यात एकच शब्द तीन पानांवर तीन प्रकारांनी आला तर शाळेतल्या मुलाने कोणता शिकावा? बाळबोधीत ऱ्हस्व-दीर्घाची चिन्हे वेगळी असल्यामुळे छापणाऱ्याला दर खेपेस काही तरी ठरवावेच लागे. याच सुमारास, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. शब्दांचा संग्रह झाला. त्यांच्या जुळणीचे शास्त्र मराठीतून मराठी मुलांना सांगणारे कोणी तरी हवे होते. विल्यम केरीचे १८०५ चे व्याकरण होते, पण ते इंग्रजांना मराठी यावी म्हणून इंग्रजीत लिहिलेले.

दादोबांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय बावीस होते. आपण ज्या वयात पदवीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल पाहत असतो त्या वयात या गृहस्थांनी एका भाषेचे व्याकरण छापून काढले, हे वाचून मला प्रथम कौतुक आणि नंतर थोडी लाज वाटली. त्यांच्यापुढे नमुने दोन होते. एक संस्कृत व्याकरणाची परंपरा आणि दुसरा लिंडली मरे याचे त्या काळी सर्वत्र चालणारे इंग्रजी व्याकरण. मराठी ही दोघांच्या मधे उभी. आपण आज नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशा ज्या आठ जाती पाठ करतो त्या इंग्रजी व्याकरणातील आठ भागांशी एकास एक जुळतात, ते उगीच नव्हे. विभक्त्यांचा सांगाडा मात्र संस्कृतातून आला. म्हणजे अंगरखा इंग्रजी आणि धोतर संस्कृत. आत मराठी जशी मावेल तशी. ही थट्टा दादोबांना कमी लेखण्यासाठी नाही. पहिल्या माणसाला मोजमाप कोठून तरी उसने आणावेच लागते.

मोजमाप उसने आहे हे पुढच्या मंडळींनी त्यांना सांगितलेही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या अनेक मतांवर आक्षेप घेतले. पुढे केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून सगळ्या पूर्वसूरींची झडती घेतली, तीत दादोबाही आले. आपल्या काळात कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकरांनी हाच वाद पुन्हा उकरला. दादोबांची गोष्ट अशी की, ते आपल्या पुस्तकाला चिकटून बसले नाहीत. १८५० साली त्यांनी त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली, पुढेही आवृत्त्या निघत राहिल्या, १८६५ साली मुलांसाठी लघु व्याकरण केले आणि १८८१ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, मूळ पुस्तकात राहून गेलेल्या गोष्टींसाठी ‘पूरणिका’ लिहिली. बाविसाव्या वर्षी लिहिलेले सदुसष्टाव्या वर्षीही दुरुस्त करीत बसलेला हा माणूस मला फार आवडतो.

व्याकरणकार म्हणजे सोवळा, कर्मठ असा जो आपला समज असतो तो दादोबांच्या बाबतीत साफ चुकीचा ठरतो. जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून ते माळव्यात राहून आले. नंतर सुरतेस शाळेत असताना दुर्गाराम मेहता आदी मंडळींबरोबर त्यांनी १८४४ साली मानवधर्म सभा काढली. भूतखेत, जादूटोणा, जातिभेद यांवर तेथे उघड चर्चा होत. मुंबईस परतल्यावर १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. तिच्यात येणाऱ्याने जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून परजातीच्या हातचे खावे लागे. मात्र हे सारे गुप्त! सभासदांची यादी १८६० च्या सुमारास बाहेर फुटली आणि सभा मोडली. दादोबांचा ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ १८४३ साली लिहून झाला होता. तो छापला गेला १८६८ साली, तोही त्यांच्या नावाविना. भाषेच्या नियमांसाठी उघड्या मैदानात उतरणारे दादोबा जातीच्या नियमांविरुद्ध मात्र पडद्याआडून बोलत होते. त्या काळचा बहिष्कार काय होता हे आपण न भोगलेल्यांनी त्यांना भित्रे म्हणू नये, पण ही गोष्ट गाळूनही चरित्र सांगू नये.

बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली वारले. त्यानंतर मुंबईच्या नॉर्मल क्लासचे, म्हणजे शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे काम दादोबांकडे आले. त्यांच्या व्याकरणाचा प्रसार का झाला याचे उत्तर येथे आहे. पुस्तक लिहिणारा आणि मास्तर घडविणारा एकच. ते मास्तर गावोगाव गेले आणि त्यांच्याबरोबर शुद्ध-अशुद्धाची कल्पनाही गेली. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या हाताखाली पुण्याकडचे शास्त्री होते. तेव्हा शाळेत जी मराठी प्रमाण ठरली ती त्या वळणाची ठरली. सुरगाण्यापर्यंत ती फार उशिरा आली. आमच्या घरात कोकणा बोली. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘ण’ सापडणे कठीण. ‘पानी’ ही तिची चूक नव्हे, तिचा उच्चार आहे. त्यावर पहिलीतल्या मुलाच्या पाटीवर फुली पडते तेव्हा ती फुली अक्षरावर पडली की आजीवर, हे त्या मुलाला कळत नाही.

आणखी एक गंमत. दादोबांचे स्वतःचे लेखन आज आपल्या उत्तरपत्रिकेत उतरवले तर तपासणारे प्राध्यापक ते लाल शाईने रंगवतील. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘भाषेचें’ असा अनुस्वार होता. नांव, घरें, त्यानें, मीं अशी सारी टिंबे त्या काळी शुद्ध, आणि ती न देणारा अडाणी. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि उच्चारात न राहिलेले अनुस्वार गेले. आता ते देणारा चुकतो. म्हणून ‘शुद्ध’ या शब्दाला माझा आक्षेप आहे, ‘प्रमाण’ म्हणावे. शुद्ध म्हटले की समोरचा आपोआप अशुद्ध ठरतो. प्रमाण म्हणजे सर्वांनी मिळून ठरवलेले माप. शेर बदलून किलो आला तसे ते बदलता येते.

माप नकोच, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि याचे कारण आमच्याच तालुक्यात आहे. कागदाशी गाठ पडली की एक काना-मात्रा किती जड होते हे येथे घरोघरी माहीत आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत आमचे नाव कोकणा, कोकणी, कुकणा असे तीन प्रकारांनी लिहिले आहे. ज्याने कोणी तिन्ही रूपे त्या यादीत घातली त्याचे उपकारच मानले पाहिजेत, कारण वडिलांच्या दाखल्यावर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे, ही येथली नित्याची स्थिती. महाराष्ट्रात धनगर की धनगड, म्हणजे ‘र’ की ‘ड’, या एका अक्षराचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ साली त्यावर निकाल लागला. वनहक्काच्या दाव्यात आजोबांचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले तर जमीन कसणारा माणूस तोच आहे हे सिद्ध करीत बसावे लागते. मोबाइलच्या निरोपात ‘पानी’ खुशाल लिहावे. अर्जात लिहिताना थांबावे, कारण अर्ज वाचणारा आपल्या ओळखीचा नसतो आणि त्याला आपल्याला नकार द्यावयाचा असेल तर आपली वेलांटी त्याला पुरते.

दादोबांच्या आयुष्यातील एक भाग उरला. तो सहसा एका ओळीत उरकला जातो. शिक्षणखात्यातून ते १८५२ च्या सुमारास महसूल खात्यात गेले आणि अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तेथे भिल्लांचे बंड मोडण्यात केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना रावबहादुर हा किताब मिळाला. नाशिक तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८६९ साली झाला. त्याआधी हा मुलूख नगरच्या कलेक्टराखाली होता. सिन्नरकडे नांदूरशिंगोट्याला भागोजी नाईकाच्या भिल्लांची सरकारी फौजेशी झुंज झाली ती ऑक्टोबर १८५७ मध्ये. आमच्या शेजारच्या पेठला त्याच वर्षी डिसेंबरात उठाव झाला आणि तेथील राजा भगवंतराव याला फाशी दिले. भागोजी १८५९ साली मारला गेला. पाठ्यपुस्तकात रावबहादुर ही पदवी दादोबांच्या नावामागे शोभेला लावलेली असते. सुरगाण्यात बसून ती वाचताना तशी वाटत नाही.

निवृत्तीनंतर दादोबा ग्रंथलेखनात रमले. मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका १८६५ ची. स्वीडनबोर्ग या युरोपीय तत्त्वज्ञाच्या विचारांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले ते १८७८ चे. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांनी आत्मचरित्रही लिहिले होते. अ. का. प्रियोळकरांनी ते संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले. त्यात बालपण आहे, शाळा आहे, व्याकरण आहे, सुरत आहे. पण ते १८४७ च्या आसपास थांबते. नगरची वर्षे आणि भिल्ल त्यात आलेले नाहीत; आणि भिल्लांनी त्या दिवसांविषयी काही लिहून ठेवावे तर त्यांच्यापर्यंत तेव्हा ना मोडी पोहोचली होती ना बाळबोध.